गॅस गेला कुठे?

५ एप्रिल २०२५, शनिवार. रत्नागिरी

गाडीचा मागचा एसी गेला. पुढच्या जाळ्यांतून अजून बऱ्यापैकी गार येतंय, पण मागच्या माणसांसाठी छताला ज्या जाळ्या आहेत त्यांतून नुसता वारा. आज आप्पांना तपासणीसाठी कोल्हापूरला नेलं होतं. येताना आंबा घाट उतरेपर्यंत ते काही बोलले नाहीत. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला दिसला. वय ८४, बायपास झालेली. पाय लांब करता यावेत म्हणून ते नेहमी मधल्या सीटवर बसतात. मागचा एसी ही आमच्या घरात चैनीची गोष्ट नाही. तो नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत आप्पांचा प्रवासच बंद.

गाडी २००९ ची, आठ आसनी, डिझेल. गेल्या वर्षी १५ वर्षं पुरी झाली म्हणून पर्यावरण कर भरून नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून घेतली. इंजिन ठणठणीत आहे. २०२९ पर्यंत ती वापरायची आहे, तर मागच्या सीटवर माणूस सुखाने बसेल अशी करूनच वापरायची.

७ एप्रिल, सोमवार

शाळा सुटल्यावर गॅरेजला गेले. मेकॅनिकने मागच्या जाळीवर हात धरला आणि लगेच निदान केलं, "मॅडम, गॅस कमी झालाय. टॉपअप मारून देतो, दोन हजार होतील." गेल्या उन्हाळ्यातही हेच वाक्य ऐकलं होतं. मी विचारलं, गॅस कमी झाला म्हणजे गेला कुठे? म्हणाला, "जुनी गाडी आहे, थोडा उडायचाच."

गॅस न भरता परत आले. दहावीच्या वर्गात मी अप्रकट उष्मा शिकवते. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, एसीचं सगळं गणित तेवढ्यावर आहे. आमच्या गाडीत आर-१३४ए नावाचा वायू आहे. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांवर उकळतो. कंप्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, ड्रायरमधून गाळून पुढे जातो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून सुटतो आणि कूलिंग कॉइलमध्ये उकळताना आतली उष्णता शोषून घेतो. तिथून पुन्हा कंप्रेसरकडे. या फेऱ्यात तो कुठेही जळत नाही, खर्च होत नाही. डिझेल संपतं, गॅस फक्त फिरतो. रबरी होजमधून आणि कंप्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी थोडेफार ग्रॅम झिरपतात, तेवढं कोणत्याही गाडीत होतं. पण एका उन्हाळ्यात भरलेला गॅस दुसऱ्या उन्हाळ्याला नसेल, तर कुठेतरी भोक आहे. त्यात पुन्हा गॅस भरणं म्हणजे दोन हजार रुपये त्या भोकातून सोडणं.

१० एप्रिल, गुरुवार

मागच्या सीटखालचं कार्पेट उजव्या बाजूला ओलं लागलं. घरात सगळ्यांना वाटलं, हीच ती गळती. पण पाण्याची गळती वेगळी, गॅसची वेगळी. गार कॉइलवर हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं आणि ते एका नळीने गाडीखाली टपकायला हवं. रत्नागिरीच्या दमट हवेत तर ते चांगलंच टपकतं. ती नळी धुळीने आणि बुरशीने तुंबली की पाणी आत कार्पेटवर येतं. पुतण्याने नळी काढली, खालून हवा मारली, काळा गाळ बाहेर आला. कार्पेट उन्हात टाकलंय. गाडीखाली पाणी टपकताना दिसलं तर घाबरू नये, आत ओल दिसली तर मात्र ही नळी आधी बघावी.

एवढं करून मागचा वारा गार झालेला नाहीच. गॅस दिसत नाही, टपकत नाही, त्याला नाकाला जाणवेल असा वासही नाही. त्याचा माग वेगळ्या खुणांवरून काढावा लागणार.

१३ एप्रिल, रविवार

सकाळभर गाडीखाली होते. पुतण्याने घराच्या उतरणीवर गाडी चढवून चाकांना दगड लावले आणि मी टॉर्च घेऊन पुढून मागे पाइपांचा माग काढत गेले.

दोन एसी म्हटलं की माणसं दोन वेगळी यंत्रं समजतात. तसं नाही. कंप्रेसर एकच, कंडेन्सर एकच, गॅसही एकच. बॉनेटखाली एका ठिकाणी टी-जॉइंट आहे, तिथून अल्युमिनियमचे दोन पाइप फुटतात आणि गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकाजवळ जातात. बारीक पाइप द्रव घेऊन जातो, जाड पाइप वायू परत आणतो. मागच्या उजव्या पत्र्याच्या आत, प्लॅस्टिकच्या आवरणामागे, दुसरी कूलिंग कॉइल, तिचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ब्लोअर. तिथून हवा छताच्या जाळ्यांत चढते.

पुढचं सगळं बॉनेटखाली, झाकलेलं. मागचे दोन पाइप मात्र बाहेर उघड्यावर, चाकाने उडवलेल्या चिखलाच्या वाटेत. त्यात आमचं गाव समुद्रकाठचं. भाट्याच्या पुलावरून रोजची ये-जा, खारा वारा, पावसाळ्यात जांभ्याची लाल माती. अल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो आणि आतल्या धातूला राखतो. मिठातलं क्लोराइड नेमकं त्या थराला भेदतं आणि धातूत खोल, बारीक खड्डे पाडतं. पाइप जिथे रबर आणि लोखंडी क्लॅम्पने पकडलेला असतो तिथे तर खारी ओल महिनोन्‌महिने अडकून राहते.

मागच्या चाकाच्या वीतभर आधी तसा एक क्लॅम्प आहे. त्याच्या कडेने पाइपवर पांढरी पूड फुललेली, बोटाने खरवडली तर खाली धातू खडबडीत लागला. त्याच्या खालीच मातीचा एक तळहाताएवढा भाग काळपट, तेलकट. बाकी माती कोरडी. कंप्रेसरचं वंगण गॅसबरोबर सगळीकडे फिरत असतं. भोकातून गॅस उडून जातो, तेल मागे राहतं आणि धूळ धरतं. एसीच्या गळतीचा साक्षीदार तेल.

गाडी आता कोल्हापूरलाच नेणार. उद्यमनगरात पाइप बनवून देणारे आहेत.

१८ एप्रिल, शुक्रवार. कोल्हापूर

गुड फ्रायडेची सुट्टी. पहाटे निघाले, आप्पांना घरीच ठेवलं. दोन-तीन दिवसांपासून पुढचाही एसी बंद आहे: दाब फार उतरला की एक स्विच कंप्रेसर लागूच देत नाही. ते चांगलंच, कारण गॅसबरोबर फिरणारं तेल पोचलं नाही तर कंप्रेसर कोरडा फिरून जाम होतो.

शिवाजी उद्यमनगरात लेथ, फाउंड्री, वेल्डिंगच्या गर्दीत एक छोटं शेड आहे. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं. गॅस उडतो म्हणतात, असं मी सांगितल्यावर म्हणाले, "ताई, गॅस काय डिझेल हाय व्हय जळायला? भोक असल्याबिगर जात न्हाई त्यो."

मग काम पद्धतशीर सुरू झालं. गेज लावले. इंजिन बंद, बाहेर ३४ अंश. सिस्टीममध्ये द्रव शिल्लक असता तर काटा ११० पीएसआयच्या आसपास हवा होता. तो २० वर होता. उरलेला गॅस त्यांनी हवेत न सोडता रिकव्हरी मशीनमध्ये ओढून घेतला. नंतर टी-जॉइंटवर मागची वाट टोपण लावून बंद केली आणि पुढच्या भागात १५० पीएसआय नायट्रोजन भरला. चहा पिऊन झाला तरी काटा हलला नाही. पुढचं घर साफ. मग मागच्या पाइपांत नायट्रोजन भरला, आणि काटा डोळ्यांसमोर उतरायला लागला.

नायट्रोजनच का, ते त्यांनी शिकाऊ मुलाला माझ्यासमोरच समजावलं. टायरच्या पंपाची हवा घ्यायची नाही, तिच्यात बाष्प असतं. ऑक्सिजनचा सिलिंडर तर जवळही आणायचा नाही, दाबाखाली तेलाशी गाठ पडली तर स्फोट. नायट्रोजन कोरडा आणि शांत.

मुलाने ब्रशने साबणाचं पाणी लावायला घेतलं. मी वाकून बघत होते. क्लॅम्प सोडवून रबर सरकवलं, पाणी लावलं, आणि पांढऱ्या पुडीच्या मधोमध मोहरीएवढा बुडबुडा आला, फुगला, फुटला, लगेच दुसरा आला. शेजारच्या जाड पाइपवरही बारीक फेस. मागचं प्लॅस्टिक उघडल्यावर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जोडावर संथ तिसरा. तिथली ओ-रिंग कडक होऊन चपटी झालेली. कॉइल मात्र सुदैवाने शाबूत. ती वेगळी तपासली, थेंबभर फेस नाही.

१९ एप्रिल, शनिवार. कोल्हापूर

मिस्त्रींनी पर्याय मांडले आणि प्रत्येकाची बाजू सांगितली.

पहिला, मागची लाइन कायमची बंद करायची. दीड हजारात काम, पुढचा एसी उत्तम चालेल, गॅसही कमी लागेल. पण टोपण टी-जॉइंटलाच मारायचं. मागे कॉइलजवळ बंद केली तर लांबलचक पाइपात तेल साठून राहतं आणि कंप्रेसरला कमी पडतं. मागे कोणी बसत नसेल तर हा पर्याय अगदी योग्य.

दुसरा, कंपनीचे तयार पाइप. या मॉडेलचे आता मिळत नाहीत.

तिसरा, भोकावर आर्गॉन वेल्डिंग. सगळ्यांना हाच सोपा वाटतो. पण आतून तेलाने माखलेला आणि बाहेरून खाल्लेला पाइप वेल्डिंग धरत नाही, आणि धरलं तरी शेजारचा पातळ झालेला भाग पुढच्या पावसाळ्यात फुटतो.

चौथा, पाइप निरोगी धातूपर्यंत कापायचे आणि मधला तुकडा नवा घालायचा. बारीक पाइपला नवा अल्युमिनियम, जाडला बॅरियर होज क्रिंप करून. होज बॅरियरचीच हवी. तिच्या आत नायलॉनचा थर असतो. साध्या रबरातून हा गॅस हळूहळू पार होतो. सगळं धरून साडेनऊ हजार.

आमच्याकडे मागे आप्पा बसतात. चौथा पर्याय घेतला.

दिवसभर तिथेच थांबले. पाइप कापताना आतली बाजू बघितली: गुळगुळीत, चकचकीत. गंज पूर्ण बाहेरून आलेला. सगळ्या जोडांना नव्या हिरव्या ओ-रिंग, त्याही कंप्रेसरच्या पीएजी तेलात बुडवून. ड्रायर नवा. सिस्टीम उघडली की ड्रायर बदलायचा, कारण तो हवेतलं बाष्प पिऊन बसतो आणि मग त्याचा उपयोग राहत नाही. नवा पाइप क्लॅम्पमध्ये बसवताना मिस्त्रींनी रबराला खालून खाच ठेवली, पाणी निथळून जावं म्हणून. मला ही गोष्ट फार आवडली. बिघाडाचं कारण समजलेला माणूसच असं काम करतो.

नायट्रोजनने पुन्हा तपासणी, रात्रभर तसंच ठेवलं.

२० एप्रिल, रविवार. कोल्हापूर, मग रत्नागिरी

काटा सकाळी जिथल्या तिथे. मग व्हॅक्यूम पंप लावला. त्याने हवा तर निघतेच, पण खरं काम ओलाव्याचं आहे. दाब पुरेसा उतरला की पाइपात राहिलेलं पाणी ३० अंशांवरही उकळून वाफ होतं आणि बाहेर पडतं. काटा पाऱ्याच्या २८ इंचांच्या जरा अलीकडे थांबला. शिकाऊ मुलाने विचारलं, पुस्तकात २९ च्या पुढं लिहिलंय, मग इथं का जात नाही? याचं उत्तर मला देता आलं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून वर आहे, इथे मुळात हवेचा दाबच कमी. हाच पंप रत्नागिरीत लावला तर काटा २९ ओलांडेल.

पंप बंद करून अर्धा तास वाट पाहिली, काटा तिथेच. मग गॅस भरला, तोही वजनावर. बॉनेटखालच्या स्टिकरवर दोन एसींसाठी ८५० ग्रॅम लिहिलंय, तेवढाच. तपासणीच्या काचेत बुडबुडे बघून किंवा पाइप हाताला किती गार लागतो यावर अंदाजाने भरलेला गॅस कमी पडतो किंवा जास्त होतो. जास्त झाला तरी गारवा कमीच मिळतो आणि कंप्रेसरवर भार येतो.

मलकापूरच्या रस्त्यावर थर्मामीटर लावून पाहिलं. बाहेर ३६, पुढच्या जाळीत ७, मागच्या जाळीत ९ अंश.

२२ एप्रिल, मंगळवार. रत्नागिरी

आज वसुंधरा दिन. मुलांना भाषण न देता फळ्यावर हिशोब घातला.

आर-१३४ए हा हरितगृह वायू. शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता अडवतो. एका गाडीतले ८५० ग्रॅम हवेत गेले तर १२०० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो निघतो. म्हणजे साडेचारशे लिटर डिझेल. आमच्या गाडीच्या ॲव्हरेजने पाच हजार किलोमीटरहून जास्त. एका मुलीने उत्तर काढून स्वतःच पुन्हा तपासलं, तिला पटेना.

मग त्याच्या आधीची गोष्ट सांगितली. पूर्वी गाड्यांत आर-१२ असायचा. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी दाखवलं की असे क्लोरीनयुक्त वायू वर जाऊन ओझोन नष्ट करतात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोन छिद्र ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९५ मध्ये मोलिना, रोलँड आणि पॉल क्रुत्झन यांना नोबेल मिळालं. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही म्हणून तो आला, पण तापमानवाढीचा प्रश्न उरला. त्यासाठी माँट्रियल करारात झालेल्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. अशा वायूंचा वापर आपण २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे, २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी. ते सरकार आणि कारखाने करतील. आपल्या गाडीतलं भोक मात्र आपणच बुजवायचं.

४ मे, रविवार

एसी दुरुस्त केल्याचं कळल्यापासून ओळखीचे लोक विचारायला येतात. दोन सल्ले वारंवार कानावर येतात, दोन्ही घातक, म्हणून इथे लिहून ठेवते.

एक, लीक बंद करणारं औषध सिस्टीममध्ये सोडायचं. ते हवा आणि ओल लागली की घट्ट होतं. भोकाजवळ होईल, तसंच एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशीही होईल. शिवाय पुढच्या मेकॅनिकचं मशीन बिघडवतं.

दुसरा, स्वस्तात स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा वायू भरायचा. तो गार करतो, हे खरं. पण मागची कूलिंग कॉइल माणसं बसतात त्याच जागेत असते. तिथे गळती झाली तर काचा बंद असलेल्या गाडीत ज्वालाग्राही वायू साठणार. म्हातारी माणसं आणि मुलं ज्या गाडीत बसतात तिच्यात हा प्रयोग कुणीही करू नये.

स्वस्त, नाव नसलेल्या डब्यांपासूनही सावध राहावं. २०११ मध्ये जहाजी शीतकंटेनरांत आर-१३४ए म्हणून भेसळीचा गॅस भरला गेला होता. त्यातल्या मिथिल क्लोराइडची अल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन स्फोट झाले आणि कामगार दगावले.

१ जून, रविवार

आप्पांना पुन्हा कोल्हापूरला नेऊन आणलं. या वेळी पाऊस मेअखेरीलाच आला, तरी काचा बंद आणि हवा दमट, त्यामुळे एसी लागलाच. मागच्या जाळीत थर्मामीटर पुन्हा ९ अंशांवर. पावसाच्या तोंडावर गाडी खालून धुऊन घेतली, क्लॅम्पमागची माती पाण्याने काढली. दर पावसाळ्यानंतर गोड्या पाण्याने हे करायचं ठरवलंय. खाऱ्या हवेत राहणाऱ्या प्रत्येकाने करावं, त्याला पैसे पडत नाहीत.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: एसीतला गॅस कमी झालाय असं कुणी म्हणालं, तर गेला कुठून ते आधी विचारा. मागे एसी असेल तर गाडीखालचे पाइप दाखवायला सांगा. नायट्रोजन भरून आणि साबणाचं पाणी लावून गळती डोळ्यांनी बघितल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. मागे कुणी बसत नसेल तर ती लाइन टी-जॉइंटपासून बंद करा, बसत असेल तर नीट दुरुस्त करा. दर उन्हाळ्याला नुसता टॉपअप ही दुरुस्ती नव्हे.